जिवंत लेखक पाहिजे

"तुम्ही लेखक ना? जिवंत आहात का?"

दुपारची वेळ. बँकेत माझ्या टेबलासमोर पेन्शनरांची रांग. हयातीचे दाखले घ्यायचं काम त्या दिवशी माझ्याकडे होतं. समोर येणाऱ्या एकेका आजोबांना मी जिवंत असल्याचा शिक्का मारून देत होतो, आणि फोनवर एक खणखणीत बायकी आवाज माझ्याच हयातीची चौकशी करत होता.

"आहे," मी म्हणालो. "सध्या तरी."

"मिशा आहेत?"

"आहेत."

"मग उत्तम. आमच्या मुलांना जिवंत लेखक दाखवायचाय. शनिवारी सकाळची शाळा असते. या."

मला आयुष्यात बऱ्याच जणांनी फसवलं. एका प्रकाशकाने फसवलं, दोन भागीदारांनी फसवलं, सख्ख्या मेहुण्याने तर सणासुदीचा मुहूर्त बघून फसवलं. पण म्हात्रेबाईंनी मला जितकं निगुतीने, वर्षानुवर्षं, एकही टाका उसवू न देता फसवलं, तितकं कोणीच नाही. बाकीच्यांना मी विसरलो. बाईंना विसरायचं म्हटलं की त्यांचा नाकाशी जाणारा हात आठवतो. तो का जातो, ते पुढे कळेल.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि पनवेलमधल्या एका वाचनालयाचा बालविभाग बिनपगारी सांभाळत होत्या. एकदा पाचवीच्या वर्गात त्यांनी विचारलं, "लेखक म्हणजे कोण रे?" एक मुलगा ताडकन उभा राहून म्हणाला, "जो वारलेला असतो तो!" पाठ्यपुस्तकात लेखकाच्या नावाखाली कंसात दोन सालं असतात, हे त्याने बरोबर हेरलं होतं. दुसऱ्याने भर घातली, "आणि त्याला मिशा असतात." त्या दिवसापासून बाई जिवंत लेखकाच्या शोधात होत्या. मुलांसाठी माझी तेव्हा दोन पुस्तकं निघाली होती आणि मी राहायला जवळच होतो. शोध माझ्यापाशी येऊन संपला, यात माझ्या प्रतिभेचा वाटा किती आणि रिक्षाच्या अंतराचा किती, हे मी तेव्हा विचारलं नाही.

बाई ठेंगण्या, काठापदराच्या सुती साडीतल्या, काखेला रेक्झिनची फुगलेली पिशवी, आणि डोळ्यांवर काळ्या जाड काड्यांचा चष्मा. चष्मा एवढा जाड की त्यामागचे डोळे बाईंचे नसून बाईंनी कुठून तरी आणलेले वाटत. माहेर रोडपालीकडचं. भाताची जमीन होती, ती गेली आणि तिथे इमारती आल्या. त्यातल्याच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बाई एकट्या राहत. "आमचं खळं होतं ना, त्याच्या बरोब्बर वर माझं स्वयंपाकघर आलंय," असं त्या एखाद्या लॉटरीबद्दल सांगावं तसं सांगत. बोलणं शाळेतलं, शुद्ध, काना-मात्रा जागच्या जागी. राग आला की मात्र शुद्धलेखन खिडकीतून बाहेर जाई आणि माहेर आत येई. "आमी काय तुमाला येडे वाटलो काय?" हे वाक्य मी शिक्षणाधिकाऱ्यांना ऐकताना पाहिलेलं आहे.

मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. कायम ‘लेखक’. "लेखक, चहा घ्या." "लेखक, चप्पल इथे काढा." "लेखक, पोट आत घ्या, फोटो काढतायत."

त्यांचं काम साधं होतं. लेखकाला घेऊन शाळेत जायचं. मुलं खूश झाली की मुख्याध्यापक खूश, आणि मुख्याध्यापक खूश झाले की पुस्तकांनी भरलेली एक हिरवी पत्र्याची पेटी त्या शाळेत वर्षभर राहायची. मुलांनी हवं ते पुस्तक घरी न्यावं. फाटलं तरी चालेल, हरवलं तरी चालेल, पण पेटीला कुलूप लावायचं नाही, ही बाईंची अट. मुख्याध्यापकांना हीच अट अवघड वाटे. म्हणून आधी लेखक आणि मागाहून पेटी. मी म्हणजे पेटीचा वाजंत्री होतो, हे मला माहीत होतं आणि त्याचा मला अभिमानही होता.

लेखकासाठीही नियम होते. संस्कार हा शब्द उच्चारायचा नाही. ‘आमच्या वेळी’ म्हणायचं नाही. माइक हातात घेऊन हॅलो हॅलो करायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे कुठली गोष्ट सांगणार ते आठवडाभर आधी कळवायचं. "ऐन वेळी बदलू नका हं लेखक. मुलांची मनं तयार करावी लागतात." कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाई स्वतः त्या शाळेत जाऊन येत. कशाला, तर म्हणे पुस्तकं दाखवायला. केवढी ही निष्ठा, असं मला वाटे. घरी बायकोला मी हे डोळ्यांत पाणी आणून सांगितलेलं आहे.

आणि ती शाल! वाचनालयाकडे एकच होती, तपकिरी, काठाला जर. सत्काराच्या वेळी मुख्याध्यापक ती माझ्या खांद्यावर घालत, टाळ्या होत, फोटो निघे. शाळेच्या फाटकाबाहेर पडलं की बाई हात पुढे करत. "लेखक, शाल." मी काढून देई. त्या तिची चौकोनी घडी घालून पिशवीत ठेवत. त्या एका शालीने माझा सत्कार किती शाळांत झाला असेल, देव जाणे. मला त्याचं हसूच यायचं. ज्या बाईला सत्काराची शाल परत घेताना संकोच वाटत नाही, ती आणखी काय काय करू शकेल, हा विचार हसणाऱ्या माणसाच्या डोक्यात येत नसतो.

माझी तेव्हाची हुकमी गोष्ट कावळ्याची होती. कावळा शिंप्याचं दुकान काढतो. बगळा पँट शिवायला येतो. कावळा त्याच्या पायांची मापं घेतो, चोच खाजवतो आणि म्हणतो, "साहेब, एवढ्या काड्यांना पँट कशाला? लांब मोजे शिवतो, गळ्यापर्यंत ओढून घ्या!"

काय सांगू तुम्हाला! कळंबोली म्हणू नका, खांदा कॉलनी म्हणू नका, पनवेलच्या कुठल्याही शाळेत जा, ‘गळ्यापर्यंत’ म्हटलं की पत्रे हादरायचे. मुलं एकमेकांच्या अंगावर पडून हसायची. मी समोर उभा, हात बगळ्यासारखे पसरलेले. बाई मात्र कधी समोर बसत नसत. माझ्या मागे, डाव्या अंगाला, एका स्टुलावर. "मी पुढे बसले तर मुलं मला घाबरतात," म्हणायच्या.

गोष्ट संपली की प्रश्न. प्रत्येक शाळेत कुणीतरी उठून विचारायचंच, "सर, तुम्हाला गोष्ट आधी सुचते की गोष्टीचं नाव?" ऐकून मी थक्क व्हायचो. पनवेलच्या पाण्यात काहीतरी आहे असं मी चार लोकांत बोलायचो. पनवेलच्या पाण्याबद्दल लोकांचं मत वेगळं होतं, पण माझं हे होतं.

आता यातला वर्मी लागणारा भाग. त्या हशांच्या जोरावर माझ्या मनात नोकरी सोडायचं आलं. पूर्ण वेळ मुलांसाठी लिहायचं. बायको म्हणाली, तुम्हाला झेपेल ते करा. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही घरी आम्हाला तेवढं हसवत नाही. मी बाईंकडे गेलो. म्हटलं, या बाईंनी हजारो मुलं हाताखालून घातलीत. मुलांना काय आवडतं ते यांना नाही कळणार तर कुणाला?

"बाई, खरं सांगा. बँक सोडू?"

बाई पुस्तकांना खळ लावत होत्या. बोटाची खळ पुसली, चष्मा काढला, पदराने काचा पुसल्या, पुन्हा लावला. आणि म्हणाल्या, "पोरं हसतात ना?"

"हसतात म्हणजे काय, तुम्ही बघताच."

"मग," बाई म्हणाल्या आणि पुढचं पुस्तक ओढलं.

त्या ‘मग’वर मी राजीनामा दिला.

पुढच्याच शालेय वर्षात तळोज्याच्या बाजूच्या एका शाळेत आम्ही गेलो. कारखान्यांतल्या लोकांची मुलं, खिडक्या वासामुळे बंद, वर पंखे गरगरतायत. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत खुर्चीवर, चेहरा कुलपासारखा. मी बाईंना कावळा कळवला होता. पण त्या दिवसांत मी एक नवी गोष्ट लिहीत होतो आणि ती पोटात अशी उड्या मारत होती की उभा राहिलो आणि तोंडून तीच सुरू झाली. मागे बाईंचं स्टूल करकरलं. मी लक्ष दिलं नाही.

गोष्ट बुजगावण्याची. शेत विकलं जातं. माणसं, बैल, भांडीकुंडी, सगळं निघून जातं. बुजगावण्याला कुणी सांगतच नाही. ते आपलं हात पसरून उभं. यंत्रं येतात, खड्डे पडतात, तरी ते राखण करतंय. शेवटी जिला ते जन्मभर हाकलत आलं ती चिमणी येऊन त्याच्या हातावर बसते. बुजगावणं विचारतं, "आता घाबरत नाहीस मला?" चिमणी म्हणते, "राखायला काय उरलंय तुझ्याकडे?"

इथे मी थांबलो. अशा जागी थांबायचं असतं, एवढं मला कळतं. हॉल गप्प. पंख्याचा आवाज.

आणि मग अख्खा हॉल हसला. साधंसुधं नाही, कावळ्याच्या मोज्यांना हसतात तसं, एकमेकांच्या अंगावर पडून.

माझे बुजगावण्याचे हात तसेच पसरलेले. मुख्याध्यापक उठले. "कोण हसलं? कोण हसलं ते?" हसलं तर सगळेच होते. पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची एक चिमुरडी उभी राहिली आणि अतिशय प्रामाणिकपणे म्हणाली,

"सर, बाईंनी चष्मा काढला ना. चष्मा काढला की हसायचं."

मी मागे वळलो. म्हात्रेबाई स्टुलावर बसल्या होत्या. एका हातात चष्मा, दुसऱ्या हाताने पदर डोळ्यांना लावलेला. त्या रडत होत्या.

उरलेली गोष्ट मी कशी संपवली ते आठवत नाही. शाल घातली, फोटो निघाला. पेटी राहिली, हे विशेष. त्या शाळेत एवढा हशा कधी झाला नव्हता, त्यामुळे मुख्याध्यापक शेवटी खूशच होते. फाटकाबाहेर बाईंनी शाल मागितली नाही. मीच काढून त्यांच्या मांडीवर टाकली, रिक्षात.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"चष्मा."

"चाळिशी लागली तेव्हापासून."

"बाई!"

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. बाईंनी पिशवी छातीशी धरली. "पहिल्या शाळेपासून," त्या म्हणाल्या.

"सगळे हशे?"

"सगळे कसे असतील? काही पोरं आपणहून पण हसत असतील की. मी कुठं मोजत बसले?"

"बगळ्याचे मोजे?"

बाई रिक्षाबाहेर बघायला लागल्या.

"बोला ना. मोजे?"

"त्याला दोनदा तालीम लागायची," बाई हळूच म्हणाल्या. "लेखक, खरं सांगते, ते मोजे पोरांना समजत नाहीत."

मला वाटतं, आयुष्यात माझ्या गालावर इतकी सणसणीत चपराक इतक्या हळू आवाजात कुणी मारली नव्हती.

"आणि तो प्रश्न? गोष्ट आधी की नाव आधी?"

"तो चांगला प्रश्न आहे. मलाच पडला होता."

रिक्षावाला खुदकन हसला. बाई त्याच्यावर उसळल्या, "तुमी फुडे बघा!" आणि मग त्यांचं शुद्धलेखन रिक्षाबाहेर गेलं ते गेलंच. "तुमच्या आदी एक कवी आणला होता मी. चांगला माणूस. पोरांनी दगडासारखं बघितलं त्याच्याकडं. पाहुण्यांसमोर हसायचं असतं हे आमच्या पोरांना कोण शिकवतं? हाताची घडी, तोंडावर बोट! सर म्हणाले, बाई, तास बुडतात, पेटी उचला. पोरांनी पेटीचं झाकण पण उघडलं नव्हतं. मीच उचलली, मीच परत नेली. तवाच ठरवलं, आता हसायचं पण शिकवणार. त्यात काय चुकलं? कवायत शिकवत नाय? गॅदरिंगचा नाच शिकवत नाय?"

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुमी उभे राहिले असते?"

"मी नोकरी सोडली, बाई. तुम्हाला विचारून सोडली."

कळंबोलीचा पूल आला, रिक्षा उतरली. मग बाई म्हणाल्या, "मला वाटलं नव्हतं तुम्ही सोडाल. जो सोडणार असतो तो विचारत नाही, सोडून येतो. तुम्ही विचारलंत, म्हटलं हा काय सोडत नाही." थांबून म्हणाल्या, "नाही म्हटलं असतं तर तुम्ही शाळेत यायचे बंद झाला असतात. सात शाळा बाकी होत्या."

म्हणजे त्या काचा पुसत असताना हे सगळं तोलून झालं होतं. एका पारड्यात माझी बँक, दुसऱ्यात सात पेट्या. बँक उचलली गेली.

रोडपालीपाशी बाई उतरल्या. उतरून, रिक्षाच्या दांड्याला धरून वाकल्या आणि म्हणाल्या, "ती बुजगावण्याची गोष्ट चांगली आहे हो."

"आता तुमचं कसं खरं मानायचं?" मी म्हणालो.

बाईंनी चष्मा नीट केला आणि त्या त्यांच्या इमारतीकडे गेल्या. त्या डोळ्यांना पदर का लावला होता, हे मी विचारलंच नाही. मी रागात होतो, आणि रागावलेल्या माणसाला फक्त स्वतःचेच डोळे ओले दिसतात.

नंतर मी त्यांचे फोन घेतले नाहीत. एकट्यानेच आपटा गावातल्या एका शाळेत गेलो. ना आदल्या दिवशीची भेट, ना स्टूल. कावळा सांगितला. ‘गळ्यापर्यंत’ म्हणून हात पसरून उभा राहिलो. मुलं माझ्याकडे बघत राहिली, मी मुलांकडे. शेवटी एक मुलगा कळवळून म्हणाला, "सर, बगळ्याला पोहायला जायचं असंल तर मोजे भिजतील ना." आणि मग सगळी हसली. माझ्या विनोदाला नाही, माझ्या फजितीला. पण ते हसणं वेगळंच होतं. एका कोपऱ्यातून सुरू होऊन गळतीच्या पाण्यासारखं पसरत गेलं. इतकी वर्षं मी जे ऐकत होतो ते एकदम सुरू होऊन एकदम थांबायचं. कवायतीसारखं. हे मला आधी कळू नये?

मोजे मी गोष्टीतून काढून टाकले. बँक परत मिळत नाही. लिहितो, छापतात, भागतं. हसतात की नाही, ते शाळेवर असतं.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्याच वाचनालयात, मागच्या वर्षी. बालविभाग आता एक तरुण मुलगी बघते. तिने फोन केला, कुठल्याही नियमाशिवाय. गेलो. मुलं चटईवर, आणि समोर पहिल्याच खुर्चीत म्हात्रेबाई. आधी ओळखू आल्या नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चष्मा गेला होता. मागचे डोळे लहानसे निघाले, थोडे पाणीदार, आणि बाईंचेच. त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर बसल्या होत्या.

मी मुद्दामच बुजगावणं सांगितलं. शेत गेलं, बैल गेले, यंत्रं आली. चिमणी हातावर बसली. "राखायला काय उरलंय तुझ्याकडे?" मी थांबलो आणि मुलांकडे न बघता बाईंकडे पाहिलं.

बाईंचा हात वर गेला. दोन बोटं नाकाशी आली, चष्म्याची काडी धरायला. तिथे काही नव्हतं. बोटं हवेतच मिटली आणि क्षणभर तशीच राहिली. मुलं गप्प होती. कुणी हसलं नाही, त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

कार्यक्रम संपला, त्या मुलीने शाल घातली, फोटो निघाला. जिन्यापाशी मी बाईंना गाठलं.

"बाई, मघाशी हात कशाला वर गेला?"

"कुठला हात?"

"नाकाशी गेला तो. मुलांसाठी गेला की..."

बाईंनी त्या नव्या, उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगतील असं वाटलं. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावर गेली आणि हात पुढे आला.

"लेखक, शाल."

मी काढून दिली. त्यांनी कठड्यावर ठेवून तिची चौकोनी घडी घातली, जरीचा काठ आत दुमडला आणि त्या मुलीला हाक मारली. "ही नीट ठेव गं. चुरगळू देऊ नकोस. पुढच्या महिन्यात दुसरा लेखक यायचाय."

मग कठडा धरून, पायरी पायरी बघत, त्या जिना उतरायला लागल्या.